अधिसेविका आणि प्राध्यापिका कशा घडतात: परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण

रुग्णालयातील शुश्रूषेचा दर्जा डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच दोन पदांवर अवलंबून असतो. कोणत्या पाळीला कोणत्या वॉर्डात किती परिचारिका असतील, कोणते काम कोणाकडे सोपवले जाईल आणि त्यावर देखरेख कोण ठेवील हे ठरवणारी अधिसेविका, म्हणजेच रोजच्या बोलण्यातली मेट्रन, हे त्यातले पहिले पद. आणि त्या परिचारिकांना विद्यार्थिदशेत घडवणारी पाठ्यनिर्देशिका किंवा महाविद्यालयातील प्राध्यापिका हे दुसरे. ही दोन्ही कामे अनुभवी परिचारिकेला ज्येष्ठतेबरोबर आपोआप जमू लागतात, असा समज जगभर दीर्घकाळ होता आणि पदोन्नतीच्या अनेक नियमांमध्ये तो आजही टिकून आहे. प्रत्यक्षात रुग्णाची उत्तम सेवा करणे, ती सेवा दुसऱ्याला शिकवणे आणि शेकडो जणींकडून ती चोवीस तास अखंड करवून घेणे ही तीन वेगवेगळी कौशल्ये आहेत. त्यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या कौशल्याचे पद्धतशीर शिक्षण देणे हाच परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षणाचा मूळ हेतू होता, आणि आज भारतात त्याचाच काहीसा विसर पडला आहे.

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा आरंभ १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रशिक्षणशाळेपासून मानला जातो. येथे शिकलेल्या परिचारिकांनी इतर रुग्णालयांत जाऊन तेथील व्यवस्था सुधारावी आणि नव्या परिचारिका तयार कराव्यात, अशी नाइटिंगेल यांची अपेक्षा होती. म्हणजे प्रशासक आणि शिक्षक घडवण्याचा विचार त्या शाळेच्या पायातच होता. त्यापूर्वीच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि परिचारिका स्वतः हजर असताना जे नीट होते ते ती हजर नसतानाही तसेच व्हावे यासाठी काय करावे लागते, हा त्याचा विषय आहे. मात्र पुढे या धर्तीवर ज्या शेकडो शाळा निघाल्या त्या रुग्णालयांच्या मालकीच्या आणि रुग्णालयांच्या सोयीच्या होत्या. विद्यार्थिनी दिवसभर वॉर्डात राबत, उरलेल्या वेळात व्याख्याने ऐकत आणि त्यांच्या बिनपगारी श्रमांवर रुग्णालयाचा खर्च भागत असे. अशा व्यवस्थेत शिक्षकांना स्वतंत्र शिक्षण देण्याची निकड कोणालाच वाटली नाही, कारण शाळेची प्रमुख हीच रुग्णालयाची मेट्रनही असे आणि दोन्हींपैकी कोणत्याच कामाचे शिक्षण तिला मिळालेले नसे.

ही उणीव सर्वांत आधी ओळखली ती अमेरिकेतील शाळाप्रमुखांनी. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या या परिचारिकांनी आपली संघटना स्थापन केली आणि तिच्या सभांमध्ये, आपल्यानंतर शाळा चालवणाऱ्या जणी कोठे तयार होणार, हा प्रश्न पुढे आला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या परिचर्याशाळेच्या पहिल्या प्रमुख इझाबेल हॅम्प्टन रॉब यांनी त्यावर सुचवलेला उपाय त्या काळाच्या मानाने धाडसी होता. रुग्णालयाच्या आवारात आणखी एक वर्ग उघडण्याऐवजी त्यांनी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजशी बोलणी केली, आणि १८९९ साली तेथे ‘हॉस्पिटल इकॉनॉमिक्स’ या नावाने एक अभ्यासक्रम सुरू झाला. शिक्षकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेत मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र आधीच शिकवले जात होते. त्याला गृहव्यवस्थेची आणि रुग्णालयाच्या कारभाराची जोड देण्यात आली, आणि रुग्णालयाच्या कारभाराचा भाग शिकवण्याची जबाबदारी संघटनेतील शाळाप्रमुखांनी स्वतःकडे घेतली. पहिल्या तुकडीत विद्यार्थिनी होत्या अवघ्या दोन. १९०७ साली मेरी अ‍ॅडलेड नटिंग येथे प्राध्यापक झाल्या, आणि विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळवणाऱ्या जगातील पहिल्या परिचारिका म्हणून त्यांची नोंद झाली. परिचर्येचे उच्च शिक्षण प्रथम वैद्यकीय महाविद्यालयात सुरू न होता शिक्षकांच्या महाविद्यालयात सुरू झाले, ही घटना लहान नाही. वॉर्डाच्या दैनंदिन गरजेपासून थोडे दूर उभे राहून त्या गरजेचा विचार करण्याची जागा परिचारिकांना प्रथम तेथे मिळाली.

रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने झालेल्या आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने याच दिशेला पुष्टी दिली. शाळांमधील शिक्षक, रुग्णालयांतील प्रमुख परिचारिका आणि सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या परिचारिका यांना मूळ प्रशिक्षणाव्यतिरिक्त वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. त्यानंतरची तीस वर्षे अमेरिकेत परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे मुख्यतः अध्यापन आणि प्रशासन असेच समीकरण राहिले. ते बदलले १९५० च्या दशकात. हिल्डगार्ड पेपलाउ यांनी रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण परिचर्येचा असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, ज्याचे उद्दिष्ट रुग्णाशेजारी राहणारी तज्ज्ञ परिचारिका तयार करणे हे होते. रुग्णसेवेतील तज्ज्ञता हाही उच्च शिक्षणाचा विषय असू शकतो हा विचार योग्यच होता. पण त्यानंतर चिकित्साविषयक विशेष शाखा पुढे येत गेल्या आणि अध्यापन-प्रशासन यांना त्यांच्या शेजारी बसण्यासाठी जागा शोधावी लागली.

भारतात हा प्रवास उशिरा आणि टंचाईच्या छायेत सुरू झाला. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण दिले आहे. एवढ्या मोठ्या देशासाठी परिचारिका तयार करायच्या तर आधी त्यांना शिकवणाऱ्या हव्यात, हे उघड होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, दिल्लीत परिचर्या प्रशासनाची शाळा सुरू झाली होती. १९४६ साली दिल्लीत परिचर्या महाविद्यालय उभे राहिले आणि त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या महाविद्यालयाला पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव देण्यात आले, आणि तेथेच १९५९ साली परिचर्येतील भारताचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली मुंबईत स्थापन झाले, आणि १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आल्यानंतर राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली.

आज ज्या पदवीला सर्वत्र एम.एस्सी. नर्सिंग म्हणतात तिचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला आहे. बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा अनुभव घेऊन दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. विद्यार्थ्याला वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या पाचांपैकी एक शाखा निवडावी लागते. परिचर्या शिक्षण हा विषय पहिल्या वर्षी आणि परिचर्या व्यवस्थापन हा दुसऱ्या वर्षी सर्वांनाच सक्तीचा असतो. पण विशेष शाखा म्हणून या दोहोंपैकी एकही निवडता येत नाही. अनेक वर्षे चालत आलेल्या रचनेनुसार या प्रत्येक विषयाला १५० तास सिद्धान्त आणि १५० तास प्रात्यक्षिक मिळते, तर दोन्ही वर्षे मिळून चिकित्साविषयक शाखेच्या प्रात्यक्षिकाला १,६०० तास. ही वाटणी रुग्णसेवेतील तज्ज्ञ घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला शोभणारी आहे. प्रत्यक्षात मात्र पदवी घेणाऱ्यांतील मोठा वर्ग वॉर्डात तज्ज्ञ म्हणून जात नाही; तो महाविद्यालयात शिक्षक होतो, कारण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या प्रमाणाच्या अटीमुळे नव्याने निघणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला या पदवीधरांची गरज असते, आणि रुग्णालयांमध्ये त्यांच्या तज्ज्ञतेसाठी वेगळे पद किंवा वेगळा पगार क्वचितच असतो. ज्या कामासाठी सर्वाधिक तास दिले ते काम करायला मिळत नाही आणि जे काम वाट्याला येते त्याला तासांचा अल्पसा भाग मिळालेला असतो, असा हा विसंवाद आहे.

व्यवस्थापन हा विषय तीनशे तासांत किती खोलवर जाऊ शकतो, हे समजण्यासाठी त्यातील एकच प्रश्न जवळून पाहणे उपयोगी ठरते: एका वॉर्डाला परिचारिका किती लागतात? समजा, तीस खाटांच्या वॉर्डात सकाळपाळीला पाच, दुपारपाळीला चार आणि रात्रपाळीला तीन परिचारिका आवश्यक आहेत. दिवसाला बारा जणी लागतात म्हणून बारा पदे मंजूर करावीत, असे हिशेब न शिकलेल्या माणसाला सहज वाटते. परंतु वॉर्ड वर्षाचे ३६५ दिवस चालतो आणि परिचारिका तेवढे दिवस कामावर नसते. साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या सुट्ट्या, किरकोळ, अर्जित आणि आजारपणाच्या रजा मिळून वर्षाचे शंभर दिवस धरले, तर एक परिचारिका २६५ ड्यूट्या करते. वॉर्डाला मात्र दिवसाला बारा याप्रमाणे वर्षाला ४,३८० ड्यूट्या लागतात. भागाकार केल्यास उत्तर साडेसोळाहून थोडे अधिक, म्हणजे सतरा पदे, असे येते. बाराच पदे असतील तर दिवसाला सरासरी पावणेनऊ ड्यूट्याच भरल्या जातील, आणि उरलेल्या सव्वातीन ड्यूट्यांचा भार हजर असलेल्यांच्या अंगावर पडेल, रजा नाकारून किंवा रुग्णांच्या वाट्याची सेवा कमी करून. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांमध्ये मूळ पदसंख्येवर ४५ टक्के पदे अधिक धरलेली आहेत, ती याच कारणासाठी. बारावर पंचेचाळीस टक्के म्हणजे पुन्हा सतराच्या घरातला आकडा.

हा हिशेब अंकगणित म्हणून अवघड नाही, तो मांडून मंजूर करवून घेणे अवघड आहे. ज्या अधिसेविकेला रुग्णांचे गांभीर्यानुसार वर्गीकरण करता येते, म्हणजे कोणत्या रुग्णाला दिवसात किती तासांची प्रत्यक्ष सेवा लागते हे नोंदींच्या आधारे दाखवता येते, अंदाजपत्रकाची भाषा वाचता येते आणि अपुऱ्या मनुष्यबळाचे परिणाम आकड्यांत सांगता येतात, तिचे म्हणणे अधिष्ठात्यांच्या बैठकीत टिकते. या परिणामांविषयीचा पुरावा आता उपलब्धही आहे. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवून दिले की, परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक वाढीव रुग्णामागे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ड्यूटी लिस्ट हा कागद त्यामुळे केवळ सोयीगैरसोयीचा राहत नाही. तो करणारीला संख्याशास्त्र, मनुष्यबळ नियोजन, तंटे मिटवण्याचे कसब आणि कायद्याचे भान हे सर्व लागते, आणि यातले काहीही केवळ वीस वर्षे इंजेक्शने दिल्याने येत नाही.

अध्यापनाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या ग्रंथात परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते, तर निष्णात परिचारिका परिस्थितीचे समग्र आकलन करून घेते आणि बहुतेकदा आपण असे का केले हे तिला शब्दांत सांगता येत नाही. या मांडणीतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे: जी सर्वांत कुशल तीच सर्वांत चांगली शिक्षक असेल असे नाही, कारण तिच्या हालचालींतील टप्पे तिच्या स्वतःच्याच नजरेआड गेलेले असतात. शिक्षकाला ते टप्पे पुन्हा सुटे करावे लागतात.

जखमेचे निर्जंतुक ड्रेसिंग शिकवण्याचे उदाहरण घेता येईल. न शिकलेली शिक्षिका ते करून दाखवते, करता करता बोलते आणि शेवटी समजले का असे विचारते; विद्यार्थिनी मान डोलावतात. रॉडनी पेटन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत याचे चार भाग होतात. शिक्षिका प्रथम संपूर्ण क्रिया नेहमीच्या गतीने, काहीही न बोलता करून दाखवते, म्हणजे अखेरीस कोठे पोहोचायचे आहे ते डोळ्यांपुढे येते. नंतर तीच क्रिया सावकाश, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगत होते: हात केव्हा धुवायचे, ट्रेची कोणती बाजू निर्जंतुक मानायची, जखम मध्यापासून बाहेर का पुसायची, वापरलेला बोळा पुन्हा का फिरवायचा नाही. तिसऱ्या वेळी विद्यार्थिनी टप्पे सांगते आणि शिक्षिका ते तसेच करते, त्यामुळे आकलनातील चूक रुग्णाच्या अंगाला लागण्यापूर्वी उघड होते. चौथ्या वेळी विद्यार्थिनी स्वतः सांगत सांगत क्रिया करते. यानंतरचा प्रश्न मूल्यमापनाचा. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वस्तुनिष्ठ संरचित प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तिच्यात प्रत्येक परीक्षार्थी ठरावीक वेळात एकामागून एक ठाण्यांवर जाऊन तीच कामे करतो आणि परीक्षक आधी ठरवलेल्या यादीनुसार गुण देतो, म्हणजे कोणाला सोपा रुग्ण मिळाला आणि कोणाला कठीण, हा नशिबाचा भाग कमी होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात ही परीक्षापद्धती आणि कृत्रिम प्रतिकृतींवरील सराव यांना स्थान मिळाले आहे. तशी परीक्षा रचणे, ठाण्यांची काठिण्यपातळी समान ठेवणे आणि गुणयादी विश्वसनीय आहे की नाही हे तपासणे, हे सर्व पदव्युत्तर शिक्षणात शिकलेल्या शिक्षकालाच शक्य आहे.

संशोधनाचा प्रबंध हा या पदवीचा तिसरा आधार. येथे परखडपणे बोलणे आवश्यक आहे. अनेक महाविद्यालयांतील प्रबंध एकाच साच्यात बसतात: एखाद्या आजाराविषयी शेपन्नास जणांची ज्ञानचाचणी घ्यायची, त्यांना एक नियोजित पाठ शिकवायचा, आठवड्याने तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि गुण वाढले असे सिद्ध करायचे. शिकवल्यानंतर लगेच गुण वाढतात हे दाखवण्यासाठी दोन वर्षांच्या शिक्षणाची गरज नाही, आणि त्यातून वॉर्डातील एकही पद्धत बदलत नाही. त्याऐवजी स्वतःच्या रुग्णालयात शय्याव्रण, म्हणजे सतत एका कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, कोणत्या वॉर्डात अधिक होते, पाळी बदलताना दिल्या जाणाऱ्या ‘ओव्हर’मध्ये कोणती माहिती गळते किंवा नवी परिचारिका पहिल्या वर्षात नोकरी का सोडते, असे प्रश्न हाती घेतले तर त्याच प्रबंधातून प्रशासकाची आणि शिक्षकाची दोघींचीही नजर घडेल.

शिक्षण आणि सेवा यांच्यातील दुरावा हे या साऱ्याच्या मुळाशी असलेले कारण आहे. एक वर्षाच्या अनुभवानंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊन पंचविशीत शिक्षिका झालेली व्यक्ती पुढे वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर जाते तीही पाहुणी म्हणून. वॉर्डाची सूत्रे इनचार्ज सिस्टरकडे असतात आणि तिला शिकवण्याची जबाबदारी नसते. वर्गात शिकवलेली पद्धत आणि वॉर्डात चालणारी पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थिनींना पहिल्या काही महिन्यांतच कळून चुकते. प्रशासनाच्या बाजूलाही तसेच आहे. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ साली दिलेल्या अहवालात राज्य आणि केंद्र स्तरावर परिचर्येसाठी अधिकारसंपन्न पदे निर्माण करण्याची शिफारस केली होती. परिचर्येतील निर्णय घेणारी पदे सक्षम नसतील तर व्यवस्थापन शिकलेल्या परिचारिकेला ते वापरण्यासाठी जागाच उरत नाही.

या दुराव्यावर देशातच एक उत्तर आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण आणि सेवा यांची सांगड घालण्याची परंपरा आहे. महाविद्यालयातील शिक्षिकांकडे रुग्णालयाच्या विभागांची जबाबदारीही असते, त्यामुळे जी व्यक्ती वर्गात शय्याव्रण टाळण्याविषयी बोलते तिलाच वॉर्डात ते झाल्यास उत्तर द्यावे लागते. ही पद्धत खर्चिक आहे, कारण दोन कामे करणाऱ्या शिक्षिकेचे वर्गातील तास कमी धरावे लागतात आणि पदे वाढवावी लागतात. खाजगी महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय असल्याशिवाय ती जमणारही नाही. सरकारी रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांना मात्र ती शक्य आहे, कारण त्यांच्याकडे वॉर्डही आहेत आणि विद्यार्थीही. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात सुरू केलेला अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम रुग्णाशेजारच्या तज्ज्ञतेची गरज वेगळ्या मार्गाने भागवू लागला आहे, त्यामुळे एम.एस्सी. नर्सिंगमध्ये अध्यापन आणि व्यवस्थापन यांना विशेष शाखेचा दर्जा देण्यास आता अधिक वाव आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत झाला असून त्यात पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी एक, महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी दुसरे आणि नीती व नोंदणीसाठी तिसरे अशा स्वतंत्र मंडळांची तरतूद आहे. यांतील शिक्षण मंडळाने दोन नव्या शाखा सुरू केल्या, प्रवेशासाठी अनुभवाची अट एका वर्षावरून किमान तीन वर्षांवर नेली आणि मूल्यांकन मंडळाने शिक्षकाच्या वॉर्डातील तासांची नोंद महाविद्यालयाच्या तपासणीत मोजायला घेतली, तर हे बदल दुसरा कायदा न करता, नियमांच्या पातळीवरच होऊ शकतात.